शोधयंत्रानुकूल लेखन आणि अनुबंधाचा प्रश्न

१

ग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची शास्त्रकारांची प्रथा सर्वपरिचित आहे. ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, तो वाचण्यास अधिकारी कोण आणि ग्रंथाचा व त्याच्या प्रतिपाद्याचा संबंध कोणता, या चार गोष्टी प्रारंभीच स्पष्ट केल्या म्हणजे वाचक ग्रंथाकडे प्रवृत्त होतो, किंवा हा ग्रंथ आपल्यासाठी नाही असे जाणून वेळीच परत फिरतो. ही प्रथा निव्वळ औपचारिक नव्हती. अपरिचित ग्रंथ हाती घेणाऱ्या वाचकाला ग्रंथकाराने दिलेले ते वचन होते.

संकेतस्थळांसाठी होणाऱ्या लेखनाच्या संदर्भात हाच प्रश्न आज निराळ्या नावाने पुढे आला आहे. वाचक शोधयंत्रात तीनचार शब्द लिहितो आणि त्याच्यापुढे असंख्य पानांची यादी उभी राहते. त्या यादीत आपले पान वाचकाच्या नजरेच्या टप्प्यात यावे म्हणून लेखक जी व्यवस्था करतो, तिला व्यवहारात ‘एसईओ’ म्हणतात. येथे तिला शोधयंत्रानुकूल लेखन असे म्हटले आहे.

या लेखनाविषयी दोन टोकांची मते आढळतात. एका पक्षाच्या मते हा बाजारी क्लृप्त्यांचा प्रांत असून गंभीर लेखकाने त्याच्या वाऱ्यासही उभे राहू नये. दुसरा पक्ष यादीतील क्रम हीच लेखनाच्या यशाची कसोटी मानतो आणि वाक्यातील शब्दांचे स्थानही त्या क्रमावर ठरवतो. पहिल्या पक्षाला वाचकाचा शोध महत्त्वाचा वाटत नाही. दुसऱ्याला शोधानंतरचे वाचन महत्त्वाचे वाटत नाही. वस्तुतः मजकूर सापडणे आणि सापडलेला मजकूर अपेक्षेस उतरणे ही एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत. शोधयंत्रानुकूल लेखनाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न हा मूलतः चौथ्या अनुबंधाचा, म्हणजे जाहीर केलेला विषय आणि प्रत्यक्ष प्रतिपादन यांच्यातील संबंधाचा प्रश्न आहे, आणि मराठीत तो सोडवताना भाषेच्या प्रकृतीचाही विचार करावा लागतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी त्याचा थोडा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे. आरंभीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरील शब्दांवर विसंबून असत. जो शब्द शोधला तो पानावर कितीदा आला, शीर्षकात आला की नाही, पानाच्या पोटात दडलेल्या कीवर्डांच्या यादीत आला की नाही, यांवर पानाची योग्यता ठरे. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॉरेन्स पेज यांनी गूगल या शोधयंत्राच्या रचनेवरील प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात विद्वत्तेच्या क्षेत्रातील एका जुन्या संकेताचा उपयोग करण्यात आला होता. ज्या निबंधाचा इतर निबंधांत वारंवार उल्लेख होतो तो महत्त्वाचा मानला जातो. तद्वतच ज्या पानाकडे इतर पानांवरून दुवे येतात ते महत्त्वाचे, आणि दुवा देणारे पान स्वतः जितके महत्त्वाचे तितके त्याच्या दुव्याचे वजन अधिक, असा हा विचार होता.

परंतु कोणतीही खूण मोजमापाचा आधार झाली की तिची नक्कल सुरू होते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेला आणि पुढे त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला नियम येथे तंतोतंत लागू पडतो. शब्द मोजले जातात असे दिसताच पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्दांच्या रांगा लिहिल्या जाऊ लागल्या. दुवे मोजले जातात असे दिसताच दुव्यांची खरेदीविक्री सुरू झाली. यंत्रासाठी एक पान आणि माणसासाठी दुसरे, असाही प्रकार रूढ झाला. २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यू या मोटारकंपनीचे जर्मन संकेतस्थळ याच कारणास्तव गूगलच्या सूचीतून काही दिवस काढून टाकण्यात आले होते. शोधयंत्राला दिसणारी पाने शब्दांनी ठासून भरलेली होती आणि तेथे येणारा वाचक मात्र परस्पर दुसऱ्याच पानाकडे नेला जात होता.

पुढील दोन दशकांचा इतिहास हा नक्कल आणि तिची पारख यांच्यातील चढाओढीचा आहे. कीवर्डांच्या छुप्या यादीचा आपण क्रमनिश्चितीसाठी उपयोग करीत नाही असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले. २०११ मध्ये ‘पांडा’ नावाच्या बदलाने कसदार नसलेल्या घाऊक मजकुरावर आणि २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ने बनावट दुव्यांवर आघात केला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये माणसांसाठी न लिहिता शोधयंत्रासाठी लिहिलेला मजकूर मागे सारण्याचा उद्देश उघडपणे सांगण्यात आला. मार्च २०२४ मध्ये, क्रम मिळवण्यासाठी मोठ्या संख्येने निर्माण केलेला निरुपयोगी मजकूर माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, तो गैरप्रकारच समजला जाईल असा नियम करण्यात आला.

या इतिहासावरून एक निष्कर्ष निघतो. शोधयंत्राची मोजमापे बदलत गेली, परंतु अप्रामाणिकपणाचे स्वरूप मात्र एकच राहिले. पान ज्या गोष्टीचा दावा करते ती गोष्ट पानात नसणे, हे ते स्वरूप होय. शास्त्रकारांच्या परिभाषेत सांगावयाचे तर विषय घोषित आहे, प्रयोजनही घोषित आहे, परंतु संबंध तुटलेला आहे.

३

प्रामाणिक मार्ग कोणता हे सांगणाऱ्या साहित्यात गूगलने २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि नंतर वेळोवेळी सुधारलेल्या प्रवेशपुस्तिकेला महत्त्वाचे स्थान आहे. लेखनशास्त्राचा ग्रंथ म्हणून तिच्याकडे सहसा पाहिले जात नाही. तथापि तसे पाहिले असता तिच्यातील बराचसा उपदेश जुन्या संपादकांना अपरिचित वाटला नसता. प्रत्येक पानाचे शीर्षक स्वतंत्र व यथार्थ असावे. पानाचे अल्पवर्णन त्यातील आशय सांगणारे असावे. दुव्यावरचे शब्द ‘येथे पहा’ असे मोघम न ठेवता दुवा कोठे नेतो ते सांगणारे असावेत. चित्राचे वर्णन शब्दांत द्यावे. आणि मजकूर वाचकासाठी लिहावा, या तिच्या मुख्य सूचना आहेत. चित्राचे शब्दवर्णन अंध वाचकालाही उपयोगी पडते, हे ध्यानात घेतले म्हणजे यांतील किती सूचना यंत्रापुरत्या मर्यादित नाहीत हे कळून येते. २०२४ च्या आवृत्तीत तर मजकुराच्या लांबीला ठराविक किमान वा कमाल मर्यादा नाही आणि एकाच शब्दाची पुनरुक्ती वाचकास कंटाळवाणी होते, हेही स्पष्ट करण्यात आले आहे. ‘इतक्या शब्दांचा लेख नसेल तर क्रम मिळत नाही’ या समजुतीपायी फुगवल्या जाणाऱ्या लेखनास या पुस्तिकेचा आधार नाही.

पुस्तिकेचे हे गुण मान्य करूनही तिच्यामागील नीतिविचार अपुरा आहे असे म्हणावे लागते. गूगलच्या जुन्या मार्गदर्शक नियमांत एक कसोटी दिलेली होती. शोधयंत्रे अस्तित्वातच नसती तरी लेखकाने ही गोष्ट केली असती काय, असा तिचा आशय होता. वरवर पाहता ही कसोटी निर्दोष वाटते. परंतु ती काटेकोरपणे लावली तर प्रामाणिक लेखकाच्या कितीतरी कृती दोषार्ह ठरतील. ग्रंथ शोधणारे वाचक नसते तर ग्रंथपालाने विषयसूचीची पत्रे लिहिली नसती, आणि संदर्भ शोधणारे अभ्यासक नसते तर ग्रंथाच्या शेवटी शब्दसूचीही जोडली गेली नसती. एखादी कृती शोधासाठी केलेली आहे एवढ्यानेच ती अप्रामाणिक ठरत नाही.

मराठी विश्वकोशाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील वनस्पतींवरील नोंदींच्या आरंभी मराठी नावापुढे त्या वनस्पतीची इतर भारतीय भाषांतील, संस्कृत, इंग्रजी व लॅटिन नावे कंसात देण्याची पद्धत आहे. नोंद सलग वाचणाऱ्याला ही नावांची माळ थोडी आड येते, परंतु एखाद्या वैद्याला संस्कृत नाव ठाऊक असते, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला लॅटिन, तर सीमेवरच्या वाचकाला कानडी. या सर्वांना एकाच नोंदीपर्यंत आणणे हे त्या माळेचे प्रयोजन आहे. निरनिराळ्या नावांनी शोधणाऱ्या वाचकांची सोय करण्याची ही दृष्टी शोधयंत्रानुकूलच म्हटली पाहिजे. तीत लबाडीचा लवलेशही नाही, कारण ती सर्व नावे खरोखरच त्या वनस्पतीची आहेत आणि ती वाचकासमोर उघडपणे मांडलेली आहेत.

यास्तव कसोटी बदलणे भाग आहे. शोधासाठी केलेली कृती वाचकाला उघड करून दाखवता येते काय, आणि ती दिसल्यावर आपली फसवणूक झाली असे त्याला वाटेल की आपली सोय झाली असे वाटेल, हा खरा प्रश्न होय. पांढऱ्यावर पांढरी अक्षरे या कसोटीस उतरत नाहीत, कारण ती उघड करणे म्हणजेच त्यांचा हेतू नष्ट करणे. विकत घेतलेला दुवा विकत घेतला असे जाहीर केल्यास त्याचे मोल जाते. याउलट पर्यायी नावे, यथार्थ उपशीर्षके, लेखनाची व दुरुस्तीची तारीख, लेखकाचा त्या विषयातील अधिकार या गोष्टी जितक्या उघड तितक्या अधिक उपयोगी ठरतात.

४

ही कसोटी शीर्षकाला लावून पाहिली असता आणखी एक शंका उपस्थित होते. यथार्थ शीर्षकाचा आग्रह धरल्यास सूचक व काव्यमय शीर्षकांचे काय करावयाचे? मराठी कादंबरीच्या इतिहासातच याचे उत्तर सापडते. बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये आपल्या कादंबरीला ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण’ असे दुहेरी शीर्षक दिले. त्याचा पूर्वार्ध कथेचा आहे, उत्तरार्ध विषयाचा. हरि नारायण आपटे यांनी जवळपास त्याच दुःखाला वाचा फोडणाऱ्या आपल्या कादंबरीला ‘पण लक्षांत कोण घेतो?’ असे नाव दिले. त्यात विषयाचा उल्लेख नाही. आहे तो आर्त प्रश्न. विधवांच्या स्थितीविषयी वाचू इच्छिणारा परंतु ग्रंथाचे नाव न जाणणारा वाचक केवळ शीर्षकाच्या आधारे पहिल्या ग्रंथापर्यंत पोहोचेल, दुसऱ्यापर्यंत पोहोचणार नाही.

म्हणून हरिभाऊंनी आपले शीर्षक बदलावयास हवे होते असे कोणीही म्हणणार नाही. कलाकृतीचे शीर्षक हा तिचा अंश असतो. तिची माहिती देणारे वर्णन ही तिच्याबाहेरची व्यवस्था असते. वर्णन, विषयवर्ग, प्रस्तावना यांनी सापडण्याचे काम करावे आणि शीर्षकाने आपले काम करावे. संकेतस्थळाच्या पानातही दृश्य मथळा आणि शोधयंत्राच्या यादीत दिसावयाचे शीर्षक ही दोन स्थाने तांत्रिकदृष्ट्या वेगळी ठेवता येतात. ललित लेखकाने सूचक मथळा कायम ठेवून दुसऱ्या स्थानी विषय सांगितला तर त्यात तडजोड नाही. मात्र मथळ्यात ज्याची हमी आहे ते मजकुरात असलेच पाहिजे. ‘हे वाचून तुम्ही थक्क व्हाल’ या धर्तीचे मथळे सूचक नसतात. ते विषय लपवून वाचकाची उत्सुकता गहाण ठेवतात. हरिभाऊंचा प्रश्न कादंबरीच्या पानोपानी सार्थ होत जातो, तर असल्या मथळ्यातले आश्चर्य मजकुरात कोठेच भेटत नाही.

५

आतापर्यंतचा विचार कोणत्याही भाषेला लागू पडणारा आहे. मराठीच्या संदर्भात मात्र या प्रश्नाला एक विशेष अंग आहे, आणि तेच अधिक चिंतेचे आहे. कीवर्डांची कल्पना प्रामुख्याने इंग्रजी लेखनाच्या व्यवहारात वाढली. इंग्रजीत स्थलवाचक नाम वाक्यात कोठेही आले तरी बहुधा त्याचे रूप पालटत नाही. मराठीत नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. ‘सातारा’ या नामाचे ‘साताऱ्यात’, ‘साताऱ्याचा’, ‘साताऱ्याहून’ असे होते. ‘पाणी’चे ‘पाण्यात’ आणि ‘पुणे’चे ‘पुण्याला’ होते. अक्षरशः जुळणी करणाऱ्या यंत्राला ‘साताऱ्यात’ या शब्दात ‘सातारा’ सापडत नाही. येथेच मोहाला वाव मिळतो. वाचक ‘सातारा’ असे शोधतो, तर वाक्यातही ‘सातारा’ असेच लिहावे, असा हिशेब होतो आणि त्यातून ‘सातारा मध्ये’, ‘पुणे मधील’ यांसारखी रूपे जन्मास येतात.

या प्रकारच्या गद्याचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून नमुन्यादाखल पुढील उतारा रचला आहे: ‘तुम्ही सातारा मध्ये हळद लागवड माहिती शोधत आहात का? तर मित्रांनो, आजच्या या लेखात आपण हळद लागवड माहिती मराठी मध्ये पाहणार आहोत. चला तर मग जाणून घेऊया हळद लागवड संपूर्ण माहिती.’

या तीन वाक्यांत ‘हळद लागवड’ तीनदा आणि ‘माहिती’ तीनदा आली आहे, परंतु माहिती एकदाही आलेली नाही. ‘हळदीची लागवड’ या संबंधदर्शक रचनेतील षष्ठी गाळून दोन नामे नुसती शेजारी ठेवली आहेत. ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय सामान्यरूपाला जोडावयाचे सोडून मूळ रूपापासून तोडून लिहिले आहे. मराठी वाचकाला मराठीत लिहिलेल्या लेखात ‘मराठी मध्ये’ पाहणार असल्याचे सांगितले आहे. ते सांगणे वाचकाला उद्देशून नाही हे उघड आहे. प्रश्न, संबोधन आणि निमंत्रण यांचा आभास असूनही या गद्यात बोलणारा कोणी नाही आणि ऐकणाराही कोणी नाही.

या उताऱ्याचा खरा दोष व्याकरणाच्या पलीकडचा आहे. हळद लावू पाहणाऱ्या शेतकऱ्याचे प्रश्न निश्चित असतात. बेणे किती लागेल, जेठे गड्डे घ्यावेत की बगलगड्डे, लागण केव्हा करावी, निचरा नसलेल्या जमिनीत कंदकुजीचे काय करावे, सेलम घ्यावी की फुले स्वरूपा, हे ते प्रश्न आहेत. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील हळद संशोधन योजनेसारख्या संस्थांनी यांपैकी कित्येकांवर काम केले आहे. या प्रश्नांची उत्तरे देणारे पान लिहिले तर लेखकाला निराळे कीवर्ड भरावे लागत नाहीत. बेणे, गड्डे, निचरा, कंदकुज हे शब्द विषयाच्या ओघात आपोआप येतात आणि शेतकरीही तेच शब्द शोधतो. विषयाचे ज्ञान हीच येथे शोधयंत्रानुकूलता ठरते. उलटपक्षी, उतारा लिहिणाऱ्याला जो विषय ठाऊक नाही त्याची उणीव तो शोधशब्दाच्या पुनरुक्तीने भरून काढतो. चुकीचे बेणे वा चुकीचे औषध यांची किंमत शेतकऱ्याला पुढील आठनऊ महिन्यांच्या पिकात मोजावी लागते. म्हणून हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

यंत्राची गरज म्हणून या बिघाडाचे समर्थन करण्यास आज फारसा आधारही उरलेला नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या भोवतालच्या शब्दांवरून लावण्याचे तंत्र गूगलने २०१९ मध्ये शोधात वापरण्यास प्रारंभ केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते सत्तरांहून अधिक भाषांत लागू केले. अक्षरशः जुळणीवर सर्वस्वी विसंबण्याचा काळ मागे पडत आहे. परंतु तो मागे पडला नसता तरीही उत्तर तेच राहिले असते. मूळ रूप शीर्षकात, सारणीत किंवा ‘जिल्हा: सातारा’ अशा नोंदीत शुद्ध स्वरूपात देता येते. त्यासाठी वाक्य मोडण्याची गरज पडत नाही.

मराठी लेखकाने यंत्रासाठी जे खरोखर करावयास हवे ते मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. ‘साताऱ्यात’ या शब्दातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन निराळ्या अक्षरमालिका असतात. ज्या जुन्या टंकांत युनिकोड नाही, त्यांत साठवलेला मजकूर तर शोधयंत्राला निरर्थक रोमन चिन्हांसारखा दिसतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत जाणीवपूर्वक गुप्त ठेवले होते. येथे लेखक प्रसिद्धीच्या हेतूने लिहितो आणि अजाणता गुप्त राहतो. शुद्धलेखनाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये स्वीकारले गेल्यानंतर अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. बाबा पदमनजींच्या शीर्षकातील ‘हिंदुस्थानांतील’ व ‘स्थितीचें’ ही रूपे आजच्या लेखनाशी अक्षरशः जुळत नाहीत. जुना ग्रंथ संकेतस्थळावर ठेवणाऱ्या संपादकाने मूळ शीर्षक जसेच्या तसे राखून शेजारी प्रचलित लेखनातील रूप द्यावे, आणि रोमन लिपीत शोधणाऱ्या परदेशस्थ मराठी वाचकासाठी एक लिप्यंतरही द्यावे. हे सर्व उघडपणे करता येते. विश्वकोशातील नावांच्या माळेसारखेच त्याचेही प्रयोजन आहे.

६

प्रामाणिक मार्गाने पानाला वरचा क्रम मिळतोच असे मात्र प्रतिपादन करता येत नाही. नियम करणारा, निवाडा देणारा आणि त्याच पानावर जाहिराती विकणारा एकच असताना सर्वस्वी निःपक्षपाती निवाड्याची अपेक्षा भाबडेपणाची ठरेल. जाहिरातींवर चालणारी शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील, असा इशारा ब्रिन व पेज यांच्या १९९८ च्या प्रबंधातच दिलेला होता, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. शिवाय २०२४ पासून काही शोधांच्या उत्तरादाखल दुव्यांच्या आधीच यंत्राने जुळवलेला सारांश देण्यात येऊ लागला आहे. त्यामुळे लेखकाचे श्रम उपयोगात येऊनही वाचक त्याच्या पानापर्यंत न पोहोचण्याचा संभव निर्माण झाला आहे. ‘चांगले लिहा, क्रम आपोआप मिळेल’ हे आश्वासन या दोन्ही कारणांनी निरपवाद राहत नाही.

परंतु यावरून अप्रामाणिकपणा पदरात पडतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. नक्कल केलेली खूण पुढच्या बदलाबरोबर निरुपयोगी होते. यथार्थ शीर्षक आणि जाणकाराचा मजकूर कोणत्याही मोजमापात निदान दोषी ठरत नाही. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, क्रमाचा निर्णय यंत्राच्या हाती असला तरी संबंध राखणे सर्वस्वी लेखकाच्या हाती आहे. दहा वाचक आले आणि दहाही जणांना जे हवे होते ते मिळाले, तर त्या पानाने आपले काम केले.

या विचाराचा रोख केवळ व्यवसायी लेखकांकडे नाही. विद्यापीठांतील लेखन या बाबतीत निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करण्याचे बंधन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी घातले आणि ‘शोधगंगा’ या भांडारामुळे प्रबंध सर्वांना खुले झाले. परंतु खुला झालेला प्रबंध सापडतोच असे नाही. ‘एक चिकित्सक अभ्यास’ या शब्दांनी संपणारे शीर्षक कोणता प्रश्न विचारला गेला हे सांगत नाही. गोषवाऱ्यात प्रकरणांची नावे असतात, निष्कर्ष नसतो. पानांची नुसती छायाचित्रे असलेल्या पीडीएफमध्ये तर एकही शब्द शोधता येत नाही. असा प्रबंध वाचकाला फसवीत नाही हे खरे. पण तो त्याला भेटतही नाही. अप्रामाणिक पान वाचकाला बोलावून रिकाम्या हाताने परत पाठवते आणि असा प्रबंध भरल्या घराचे दार बंद ठेवतो. परिणाम दोन्हीकडे सारखाच होतो. पुढचा संशोधक तेच काम पुन्हा हाती घेतो, किंवा जे पान सहज सापडले त्यावरच भिस्त ठेवतो.

यावर उपाय दुर्घट नाही. शीर्षकात काळ, प्रदेश व साहित्यप्रकार यांचा स्पष्ट निर्देश असावा. गोषवाऱ्याच्या पहिल्या चार वाक्यांत विषय, प्रयोजन, वाचक आणि निष्कर्ष यावेत. ग्रंथकारांच्या नावांची प्रचलित व पर्यायी रूपे एकदा, एकाच ठिकाणी द्यावीत. प्रबंध युनिकोडमध्ये शोधता येण्याजोग्या मजकुराच्या स्वरूपात असावा. यांतील एकही गोष्ट गूगलच्या नियमांसाठी करावयाची नाही. शास्त्रकारांनी ग्रंथारंभी जे चार अनुबंध सांगितले, त्यांचेच हे आजच्या साधनांतील पालन आहे. ते संशोधकाने स्वतः केले तरच सामान्य लेखकाकडून त्याची अपेक्षा करण्याचा अधिकार त्याला प्राप्त होईल.